दाराशी कोण आहे?



आजच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला आहे (लूक १६:१९-३१). श्रीमंताने लाजरला मारले, लुबाडले असे त्यात कोठेही नाही. दाराशी पडलेला लाजर त्याला दिसेनासा झाला होता, एवढेच. अधोलोकात मात्र तो त्याला नावाने ओळखतो! माणूस असा कशाने होतो? स्वभावाने की जागेने?

मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीकाठच्या दलदलीत भराव घालून उभे राहिले. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, मोठमोठ्या बँका तेथेच आहेत. काचेच्या भिंती, थंड हवा, दाराशी ओळखपत्र तपासणारे यंत्र. समोर फक्त आकडे. जेवायला बसतात तेही आपल्याच पगाराच्या माणसांबरोबर. लाजरला तेथे दाराशी पडायलाही जागा नाही. अशा ठिकाणी वीस वर्षे काढली, तर चांगल्या माणसालाही आकडा हेच जग वाटू लागते.

१८५० च्या दशकात मुंबईचे दलाल टाउन हॉलजवळ वडाखाली बसत. तेव्हा सगळे संत होते असे नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले, आपल्या खानदेशचा कापूसही मुंबईला गेला, सट्टा बोकाळला आणि १८६५ साली कित्येकांचे दिवाळे निघाले. वडाने लोभ आवरला नाही. पण बुडालेला माणूस निदान समोर दिसत असे.

आपल्या नंदुरबारच्या मिरची पथारीवर हमालाला ठसका लागतो तसा व्यापाऱ्यालाही लागतो. अवकाळी पावसाने भिजलेला माल दोघेही पाहतात. (वजन करताना व्यापारी तो ठसका विसरतो, ही गोष्ट वेगळी!)

बाजार दोन अंशांनी घसरला तर बातमी होते, बेघर म्हातारा उघड्यावर मेला तर होत नाही, अशी खंत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली व्यक्त केली होती. आम्हांलाही ती लागू पडते. आमच्या बंगल्याला फाटक आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे पहाटे त्याच्यासमोरून जातात, तेव्हा आम्ही झोपेत असतो.

आपल्या धर्मग्रामातला एक मुलगा त्या संकुलात नोकरीला आहे. नाताळला घरी आला तेव्हा त्याने आम्हांला सांगितले, "फादर, माझे टेबल पुसणाऱ्या मावशींना अकरा महिने मी नावही विचारले नव्हते. सुट्टीवर निघताना विचारले. त्या धडगावकडच्या निघाल्या."