कऱ्हेची वहिवाट

पुरंदरच्या डोंगरांत गराड्याच्या बाजूला उगम पावून सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती अशी वळणे घेत सोनगावाजवळ नीरेला मिळणारी कऱ्हा ही सरकारदप्तरी नदी असली, तरी वरच्या अंगाला तिला ओढा म्हणणेच अधिक यथार्थ ठरेल. आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेल्या त्या मुलखातील कोणत्याही ओढ्याप्रमाणे वर्षातील कित्येक महिने तिच्या पात्रात वाळू, गोटे आणि उघडा पडलेला काळा पाषाण यांचाच अंमल असतो. तरीही चैत्रात ते पात्र ओलांडून आलेला गाडीवान 'नदी उतरून आलो' असेच सांगतो. त्या साध्या बोलण्यापाशी मी नेहमी अडखळतो. जिच्यात पाणी नाही ती नदी 'आहे', असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

न्याय-वैशेषिकांनी अभावालाही पदार्थाचा दर्जा देऊन त्याचे चार प्रकार कल्पिले. त्यांच्यापैकी कोणाला वैशाखातल्या कऱ्हेकाठी उभे केले, तर हा सरलेल्या पाण्याचा प्रध्वंसाभाव की येणाऱ्या पाण्याचा प्रागभाव, असा प्रश्न तो निश्चित उपस्थित करील. बौद्ध क्षणिकवादी म्हणेल की, प्रवाह म्हणजे क्षणांची संतती, आणि ती तुटल्यावर नामाखेरीज काही उरत नाही. सांख्यांची भूमिका मात्र निराळी आहे. कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने नांदत असते. तेल हवे असणारा तिळांकडे वळतो, वाळूकडे वळत नाही, कारण जे मुळात नाही ते कोणत्याही खटपटीने उत्पन्न होत नाही.

मला हे म्हणणे पटू लागले ते झिऱ्याच्या काठी. तापलेल्या वाळूत हात-दीड हात खड्डा घेतला, की प्रथम नुसती ओल दिसते, मग गढूळ पाणी पाझरते, आणि ते उपसून टाकल्यावर तळातून नितळ पाणी इतक्या सावकाश वर चढते की, वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बाईला मधूनमधून हात आवरून बसून राहावे लागते. पावसाळ्यात मुरलेले पाणी खालच्या अभेद्य कातळावर, वाळूत आणि कुजलेल्या खडकाच्या फटींत दडून राहते, आणि तेथेही ते उतार सोडीत नाही. डोळ्यांना दिसत नसता ते नीरेच्याच दिशेने सरकत असते. तेलाच्या बाबतीत सांख्यांनी जिला रिकामी ठरविले, तीच वाळू येथे त्यांच्या बाजूने साक्ष देते, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

परंतु अवर्षणाच्या साली झिरेही आटतात, आणि तेव्हा सांख्यांचा आधारही अपुरा पडतो. अशा वेळी मला गावच्या नकाशाचे स्मरण होते. मोजणीदाराने रेखलेला ओढा पाण्याच्या हजेरी-गैरहजेरीवर अवलंबून नसतो. दोन्ही काठांच्या खातेदारांच्या जमिनी त्या रेषेशी थांबतात, आणि मधल्या पट्ट्यावर हक्क चालतो तो पाण्याच्या वहिवाटीचा. वहिवाट हा शब्द कज्जेदलालीत झिजून गेला असला, तरी त्यात मला 'वाहणे' आणि 'वाट' हे दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. युगानुयुगे एकाच वाटेने आलेल्या पाण्याने जमिनीवर प्रस्थापित केलेला हक्क, म्हणजेच नदी, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

लोकमानसाने हा हक्क कधीच मान्य केला आहे. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडून कऱ्हा वाहू लागली, ही कथा सांगणाऱ्यांनी पात्र कोरडे पडले म्हणून ती मागे घेतली नाही. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडेरायाची पालखी स्नानाला निघते ती कऱ्हेकडेच. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले, तेव्हा सासवडच्या उन्हाळ्यातील ते पात्र त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते, असे कोण म्हणेल?

ज्येष्ठ वद्यात सासवडहून सोपानदेवांची पालखी पंढरीला निघते. पुष्कळदा मृगाने दगा दिलेला असतो आणि पात्रात टिपूसही नसते. कऱ्हेचे पाणी नीरेत, नीरेचे नरसिंहपुराशी भीमेत, आणि भीमा पुढे चंद्रभागा होऊन विठ्ठलाच्या दारावरून जाते. म्हणजे वारकरी ज्या गावी निघाला, त्याच गावी त्या पाण्यालाही जावयाचे असते. वारकरी तेवढा आधी निघतो. पाठीमागे केव्हातरी गराड्याच्या डोंगरावर ढग उतरतात, पहिला लोंढा काडीकचरा पुढे लोटीत त्या तापल्या वाळूत शिरतो, आणि बराच वेळ ती वाळू त्याला नुसती पीत राहते.