अण्णांची जीप

आमच्याकडे मिठबावात वस्तूला माणसाचं नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. तात्यांची बाव कधीच बुजली, तिथे आता माड उभे आहेत. तरी लोक वाट सांगताना ‘तात्यांच्या बावीकडसून वळ’ असंच सांगतात. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि खळ्याच्या कडेला मांगरात उभी असलेली जीप अजून अण्णांचीच होती.

महिंद्राची सीजे-३बी. उंच बॉनेट, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मे महिन्यात तिच्यातून हापूसच्या पेट्या जायच्या, पावसाळ्यात बाळंतिणी. गजबादेवीच्या जत्रेला जाणारी अर्धी वाडी तिच्यात बसायची. अण्णांचा एकच नियम होता : रात्री कोणी दार ठोठावलं तर आधी चावी घ्यायची, मग विचारायचं काय झालं ते.

१९९८ च्या पावसाळ्यानंतर ती सुरू होईना. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं पांढुरकं. मेस्त्रींनी हेड उतरवलं, आत बॅटरी मारली आणि हात पुसत म्हणाले, “ब्लॉक फुटलो हा. ह्या इंजिन गेला. डिझेल घाल, गाडयेक दुसरो जन्म गावतलो.”

मुंबईला दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “इंजिन काढलंस तर अण्णांचं राहिलं काय? पत्रा?”

मला उत्तर सुचलं नाही. पण उभी गाडी खाऱ्या वाऱ्यात कुजत जाते, हे समुद्राकाठी राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी कामाला लागलो.

कोल्हापूरहून फोंडाघाटाने टेम्पोतून जुनं पण नीट चालणारं डिझेल इंजिन आणलं, बिलासकट. प्युजोच्या रचनेचं, महिंद्रा आपल्या जीपमध्ये घालत असे ते एक्सडीपी ४.९०. आंब्याच्या जाड फांदीला चेन कप्पी बांधून जुनं इंजिन वर उचललं. ते हवेत लोंबकळत असताना खाली जीप रिकाम्या तोंडाची दिसत होती. आये पडवीत बसली होती, ती उठून आत गेली.

नवं इंजिन जुन्या जागी सरळ बसत नाही. गिअरबॉक्सशी जुळवायला मध्ये लेथवर कातलेली प्लेट घालावी लागली. चेसिसवर माउंटिंग नव्याने जोडावं लागलं. वजन वाढलं म्हणून पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवला. कार्बोरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर टोपलीत गेले. त्यांच्या जागी पंप, नोझल आणि हीटर प्लग आले. प्रत्येक वस्तू काढताना दादाचा प्रश्न कानात यायचा. आता किती टक्के अण्णा उरले?

हा प्रश्न जुना आहे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने रथाबद्दल हेच विचारलं होतं : आस म्हणजे रथ काय? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी ठरलं की या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. ग्रीकांकडे थिसियसचं गलबत होतं. अथेन्सच्या लोकांनी त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि ते गलबत तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञ भांडत बसले. आमच्या किनाऱ्यावर हे भांडण कोणी करत नाही. होडीची फळी गेली की नवी बसते, आणि होडी त्याच घराची राहते. खुद्द आमचा गाव १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्गात गेला. मिठबाव काही जागचं हललं नाही.

म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं : नाव टिकलं की वस्तू टिकली. आणि तिथेच मी घसरणार होतो.

काम संपत आलं तेव्हा एक ओळखीचा माणूस बघायला आला. म्हणाला, “आरटीओचे खेपे कशाला घालता? जुन्या इंजिनाचा नंबर या ब्लॉकवर ठोकून देतो. कागद आहे तसा राहील. अण्णांचा नंबरही राहील.”

त्याचं शेवटचं वाक्य मला लागलं. आरसी बुकातला तो नंबर अण्णांना पाठ होता. तो तसाच ठेवणं ही भक्तीच वाटली. वर ना अर्ज, ना तपासणी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल कळवून मंजुरी घ्यायला सांगतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी “उद्या सांगतो” म्हणालो.

रात्री आयेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तेंनी कधी पेटयेत वर मोठे नि खाली बारके आंबे भरूक नाय. तेंच्या गाडयेक खोटो नंबर मारतलंस?”

मला झोप लागली नाही. नावच पुरेसं असतं, तर नंबर ठोकायला काय हरकत होती? गावाला पत्ता लागला नसता. पण अथेन्सवाल्यांनी फळ्या उघड बदलल्या होत्या, म्हणून तर लोकांना वाद घालता आला. लपवून बदलल्या असत्या तर वाद उरला नसता, फसवणूक उरली असती. जीप अण्णांची होती ती लोखंडामुळे नव्हे, हे खरं. पण नुसत्या नावामुळेही नव्हे. तिचं काय काय झालं हे विचारणाऱ्याला सरळ सांगता येतं, तोवरच ती अण्णांची. खोटा नंबर ठोकला असता तर तिचा प्रत्येक भाग मूळचा असता तरी ती माझ्या खोटेपणाची गाडी झाली असती.

अर्ज केला, खेपा घातल्या. बुकात जुना नंबर खोडून नवा आला, इंधनाच्या रकान्यात डिझेल आलं. चेसिसचा नंबर तोच. दादाला बुक दाखवलं. त्याने खोडलेल्या नंबरावरून बोट फिरवलं आणि काही बोलला नाही. जुनं इंजिन त्याच्याच सांगण्यावरून मांगरात ठेवलंय.

काही गेलंच नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वी जीप वळणावर आली की आवाज ओळखून आये चहाचं आधण ठेवायची. आता ट्रॅक्टर आला की जीप, हे तिला दार उघडून बघावं लागतं.

श्रावणातल्या एका रात्री दार वाजलं. खालच्या वाडीतला पोरगा, चिंब भिजलेला. “अण्णांची जीप चालू आसा मां? आवशीक घेवन जावक व्हया.”

मी चावी घेतली. या इंजिनाला हीटर तापेपर्यंत थोडं थांबावं लागतं. तेवढ्या वेळात पोरग्याला विचारलं, काय झालं ते.