‘द सन’चे प्रेक्षक आणि दोषी शोधण्याची घाई

२०२२च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात फ्लोरियन झेलरचा ‘द सन’ संपला, तेव्हा प्रेक्षक जवळपास दहा मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होते, अशा बातम्या तिथून आल्या. पुढे समीक्षकांनी याच सिनेमाला झोडपलं. त्यांची मतं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’वर अनुकूल परीक्षणं एक तृतीयांशसुद्धा भरली नाहीत. ह्यू जॅकमनला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, ऑस्करच्या यादीत मात्र सिनेमाचं नाव कुठेच नव्हतं. एखाद्या कलाकृतीवर अशी टोकाची मतं पडतातच. मला विचारात पाडलं ते वेगळ्या गोष्टीनं. सिनेमा आवडलेले आणि न आवडलेले, दोघांपैकी अनेकजण शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबत होते: यात चूक कोणाची?

कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्कमधला यशस्वी वकील पीटर पहिल्या बायकोपासून, केटपासून, वेगळा झालाय आणि बेथबरोबर नवा संसार करतोय. त्यांचं बाळ तान्हं आहे. पहिल्या लग्नातला सतरा वर्षांचा मुलगा निकोलस आईकडे राहतो. एक दिवस केट पीटरच्या दारात येते. निकोलस जवळपास महिनाभर शाळेत गेलेलाच नाही, हे तिला आत्ता कळलंय. पीटर त्याला आपल्या घरी आणतो, नव्या शाळेत घालतो, आणि गाडी रुळावर आली असं समजतो. ती आलेली नसते. शेवटी आईवडील मुलाला गमावतात. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी माफ करावं, पण हा शेवट सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही.

मुळात हे नाटक. झेलरनं आई, बाप आणि मुलगा अशी तीन नाटकं लिहिली, त्यातलं हे तिसरं. पॅरिसमध्ये २०१८ साली रंगमंचावर आलं. ‘बापा’वरच्या ‘द फादर’ या सिनेमानं अँथनी हॉपकिन्सला अभिनयाचं आणि झेलर व ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांना पटकथेचं ऑस्कर मिळवून दिलं. त्यात झेलरनं आपल्याला स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यातच नेऊन बसवलं होतं. खोल्या बदलत, माणसांचे चेहरे बदलत, आणि त्याच्याबरोबर आपणही हरवत असू. ‘द सन’मध्ये त्यानं नेमकं उलट केलं. निकोलसच्या मनात आपल्याला एकदाही प्रवेश नाही. आपण कायम आईबापांच्या बाजूनं, बंद दाराबाहेर उभे असतो. समीक्षकांची मुख्य तक्रार हीच होती, की मुलगा कळतच नाही, त्याला काय होतंय ते सिनेमा सांगत नाही.

मला ही सिनेमातली सर्वांत खरी बाजू वाटते. नैराश्य आलेल्या मुलाच्या घरात नेमकं हेच घडतं. बाप विचारतो, काय झालंय? मुलगा सांगायचा प्रयत्नही करतो, जगणंच जड झालंय असं काहीसं म्हणतो. बापाला मात्र या उत्तरामागचं ‘खरं’ कारण हवं असतं: शाळेत कोणी त्रास दिला का, एखादी मुलगी आहे का, अभ्यास झेपत नाही का. जे उत्तर समोर ठेवलंय ते त्याला उत्तर वाटत नाही. आजारात कारणाचा धागा असा हातात येत नसतो, हे पीटरला शेवटपर्यंत उमगत नाही, आणि सिनेमागृहातल्या अनेकांनाही उमगलं नाही.

एक प्रसंग बारकाईनं पाहण्यासारखा आहे. दिवाणखान्यात गाणं लागलंय. पीटर कंबर हलवत मुद्दाम वेडावाकडा नाचतोय, बेथ हसून हसून बेजार झालीय. निकोलसही सामील होतो, तोही हसतो. क्षणभर घर घरासारखं दिसतं. मग संगीत बदलतं, पीटर आणि बेथ आपल्या नादात नाचत राहतात आणि निकोलस त्यांच्यापासून तुटून एकटा पडलेला दिसतो. तो नाचातून कधी बाहेर पडला हे दोघांना समजतही नाही. यात दुष्ट कोणी नाही. वडील प्रेमळ आहेत, त्या वेळी ते खरोखर आनंदात आहेत, आणि मुलाचं मघाचं हसणंही खोटं नव्हतं. नैराश्यातलं माणूस हसतं, जेवतं, गप्पाही मारतं. ‘काल तर चांगला हसत होता’ हे वाक्य अशा घरांमध्ये नंतर वर्षानुवर्षं बोललं जातं.

तरी प्रेक्षकाला दोषी हवाच असतो, आणि इथे तो आयता मिळतो: घटस्फोट. बाप घर सोडून गेला, दुसरा संसार थाटला, पोराचं वाटोळं झालं. निकोलस स्वतःही बापावर हा आरोप करतो, त्यामुळे निकाल जणू लागूनच जातो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर हा निकाल आधीच तोंडपाठ असतो. आईबाप विभक्त झालेल्या मुलानं गणितात कमी गुण मिळवले तरी नातेवाईक ‘बघा, शेवटी परिणाम होतोच’ म्हणून मोकळे होतात. आईबापांच्या विभक्त होण्यानं मूल दुखावतं, यात वाद नाही. पण अशी असंख्य मुलं नैराश्यात जात नाहीत, आणि एकत्र, सुखी दिसणाऱ्या घरांतली मुलं जातात. आनुवंशिकता, मेंदूतली जडणघडण, वय, आसपासची माणसं, असं बरंच काही एकत्र येऊन हा आजार होतो. त्यातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवलं की बाकीच्यांकडे पाहायची गरज उरत नाही. केटसारखी बाई मग मदत मागायलाही कचरते, कारण मुलाचा आजार म्हणजे तिच्या मोडलेल्या लग्नाचा पुरावा, असं लोकांनी ठरवून टाकलेलं असतं.

हे लोकांपुरतं थांबत नाही, सरकारी कागदांतही उतरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांची आकडेवारी कारणांनुसार मांडतो. २०२२च्या अहवालात ३१.७ टक्के मृत्यू ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यात आहेत आणि १८.४ टक्के ‘आजारपण’ या रकान्यात. एका माणसाचा मृत्यू एकाच रकान्यात. घरात भांडणं होती आणि आजारही होता, हे या तक्त्यात मावत नाही. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता.

दुसरी प्रतिक्रिया याहून कठोर होती: ‘हे होणार हे आम्हाला आधीच कळलं होतं.’ घरात एक जुनी बंदूक आहे, हे सिनेमा लवकरच सांगून ठेवतो. समीक्षकांना ही जुनी नाटकी क्लृप्ती वाटली, आणि क्लृप्ती म्हणून ती ढोबळ आहेच. पण यातून प्रेक्षकानं आईबापांना मूर्ख ठरवावं, हे मला मान्य नाही. आपल्याला दोन तासांत निवडक प्रसंग दाखवले जातात, प्रत्येक खूण ठळक करून. आईबापांसमोर शेकडो साधे दिवस असतात, डबा, फी, सर्दी आणि मोबाइलवरून वादावादी यांत मिसळलेले. त्यातला कोणता दिवस खूण होता, हे त्यांना नंतर कळतं. एक गोष्ट मात्र सिनेमातून खुशाल उचलावी: आजारी मुलाच्या घरात धोक्याच्या वस्तू ठेवू नयेत. त्यामुळे जीव वाचतात, हे सिद्ध झालेलं आहे.

माझी झेलरबद्दलची तक्रार वेगळी आहे. त्याच्या सिनेमात उपचार जवळपास नाहीतच. इस्पितळातला डॉक्टर बजावतो, की नुसत्या प्रेमानं भागणार नाही, मुलाला घरी नेऊ नका, मुलगा रडून विनवतो, आईबाप विरघळतात. म्हणजे एका बाजूला कोरडं इस्पितळ आणि दुसऱ्या बाजूला आंधळी माया. मधला लांब रस्ता, म्हणजे औषधं, समुपदेशन, पुन्हा घसरणं, पुन्हा उठणं, दिसतच नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’नं तो रस्ता दाखवला होता. त्यातल्या तरुणाला सांभाळणारी जानकी घटस्फोटित आहे, स्वतः नैराश्याशी झगडलेली आहे, आणि ती त्याला कारण विचारत बसत नाही. या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं, पण तो किती घरांत पाहिला गेला? ‘द सन’ पाहून रडलेल्यांनी ‘कासव’ जरूर पाहावा.

आणि घरातलं मूल ‘नकोसं झालंय’ म्हणालं, शाळा टाळू लागलं, रात्र रात्र जागू लागलं, तर आधी त्याचं म्हणणं खरं माना; कोणामुळे झालं, याचा निवाडा नंतर करा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. ‘टेलिमानस’ ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.