विकलेल्या वस्तूचे ऋण

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरचा फाटा जेथे फुटतो, त्या घोडेगावात एका वयस्क छायाचित्रकाराचा कॅमेरा आम्ही हाताळला. वीस वर्षांमागे कर्ज काढून घेतलेला. भिंग स्वच्छ, कळ अजून हलकी. पंचक्रोशीतील कित्येक लग्ने आणि बाप्तिस्मे त्याने टिपले. आज तो पासपोर्टच्या फोटोंपुरता उरला आहे. कारण एवढेच की, त्याला दोन जीबीपर्यंतचीच मेमरी कार्डे वाचता येतात. 2006 मध्ये एसडीएचसी जातीची मोठी कार्डे आली आणि जुनी हळूहळू दुकानांतून नाहीशी झाली. "कॅमेरा म्हातारा नाही झाला हो," ते म्हणाले, "त्याला विचारणारं कुणी राहिलं नाही."

कॅमेऱ्याच्या पोटात फर्मवेअर नावाची आज्ञावली असते. निर्मात्याने तिची सुधारित प्रत काढली आणि आपण ती कॅमेऱ्यात चढवली की जुने यंत्र नवे काही शिकते. त्या काळातील काही कॅमेऱ्यांना नवी कार्डे वाचायला असेच शिकवले गेले. या कॅमेऱ्याच्या वाट्याला ते आले नाही. किंमत चुकती झाली, हमीची मुदत संपली. त्यानंतर विकणारा घेणाऱ्याचे काही देणे लागतो काय?

'नाही' म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. सुधारणा करायला अभियंते लागतात, चाचण्या लागतात, आणि जुन्या ग्राहकाकडून त्याचा पैसा येत नाही. जे फुकट मिळते ते दान, आणि दान मागून घेता येत नाही. फुजीफिल्मने 2011 मध्ये एक्स 100 हा कॅमेरा आणला. जानेवारी 2013 मध्ये त्याचा वारसदार जाहीर झाला. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरात जुन्यासाठी नवे फर्मवेअर निघाले आणि त्याचे फोकस साधणे सुधारले. याला आम्ही दानच म्हणू. कॅननच्या 7 डीची गोष्ट मात्र आम्हांला विचारात पाडते. 2009 च्या या कॅमेऱ्याला ऑगस्ट 2012 मध्ये फर्मवेअर मिळाले आणि एका दमात टिपता येणाऱ्या रॉ छायाचित्रांची संख्या 15 वरून 25 झाली. यंत्रात एकही नवा भाग बसवला नव्हता. मग ही ताकद तीन वर्षे होती कोठे? अभियंत्यांना ती उशिरा सापडली असेल, तर त्यांचे कौतुक. राखून ठेवली असेल, तर ते दान नव्हे. बाहेरच्या माणसाला यातले खरे काय ते कळण्याची सोयच नाही, आणि नेमके हेच आम्हांला खटकते.

गावगाड्यातील सुतार नांगर करून देई, वर्षभर त्याची डागडुजी करी आणि सुगीला खळ्यावर बलुते नेई. त्या व्यवस्थेचा अन्याय आमच्या वाडवडिलांनी सोसला आहे. तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. तथापि अवजार आणि त्याची देखभाल यांची ताटातूट होत नाही, एवढे तिला कळत होते. शिवाय सुतार आलाच नाही, तर कुणबी स्वतः वाकस उचली. कोल्हापुरात 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि दामले यांनी तर चित्रपटाचा अख्खा कॅमेरा स्वतः जुळवला. आज भिंगाची बुरशी काढणारा कारागीर नगरला मिळेल. आज्ञावली मात्र कुलूपबंद, आणि किल्ली एकट्या निर्मात्याकडे.

आमच्या मते ऋण जन्मते ते या किल्लीतून. दुसऱ्याची वाट ज्याने बंद केली, त्याने ते काम स्वतःच्या शिरावर घेतले. नवनवे गुण द्यावेत असा आमचा हट्ट नाही. पण दोष निघाला तर तो दूर करावा, चालते यंत्र शक्य असेल तोवर चालते ठेवावे; ते परवडत नसेल, तर किल्ली सोडून द्यावी. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. सुट्या भागांची आणि सेवाकेंद्रांची माहिती मिळू लागली, हे चांगलेच. आज्ञावलीचा प्रश्न त्याहून खोल आहे.

निघताना त्यांनी रुमालात गुंडाळलेली उरलेली दोन कार्डे दाखवली. त्यांतले एक अलीकडे अधूनमधून दगा देते.