आधी पाय, मग पाय

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावबांधचा जुना तलाव आहे. त्या तलावाच्या अंगाला असलेल्या एका गावात नववीतली एक मुलगी होती. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत, दोन बांबूंच्या मध्ये ती चेंडू असा हाणायची की सगळा गाव तिला ‘तोफ’ म्हणायचा. तिलाही ते नाव आवडायचं.

तालुक्याच्या शालेय सामन्यात शेवटच्या मिनिटाला ती एकटी गोलासमोर पोचली. गोलकीपर हात-पाय पसरून पुढे धावत आली. तोफेनं सगळा जीव पायात आणून चेंडू हाणला. तो गोलकीपरच्या गुडघ्यावर आदळून बाहेर गेला आणि सामना एका गोलानं गेला.

घरी परतताना सर म्हणाले, “तिच्या अंगावर मारलास. डोक्यावरची सगळी जागा मोकळी होती. तिथून चेंडू अलगद उचलून टाकायचा. त्याला चिप म्हणतात.”

दुसऱ्या दिवसापासून चिपचा सराव सुरू झाला. चेंडूच्या बाजूला एक पाय रोवायचा, दुसऱ्या पायाचा चवडा चेंडूच्या बुडाशी घालायचा, की चेंडू उलटा फिरत वर चढतो. ऐकायला सोपं होतं; पण तोफेचा चेंडू एक तर जमिनीवरून घरंगळायचा, नाही तर बांबूंच्या कितीतरी वरून पलीकडच्या बांधीत जायचा. आठ दिवसांनी ती रडकुंडीला आली.

आई अंगणात धान पाखडत होती. लेकीचं तोंड पाहून तिनं विचारलं, “काहून वो, काय झालं?”

“चेंडू उचलतच नाही, माय. किती जोर लावला तरी.”

“जोर कायले लावते?” आईनं सूप पुढे धरलं. “हे पाय. सूप वर नेलं आन् थांबवलं. धानाले मी ढकललं काय? हात थांबला म्हणून धान उडालं.”

तोफ बघत राहिली. सूप उचललं जायचं, झटक्यासरशी थांबायचं आणि दाणे तेवढे हवेत उठायचे. पोरगी तशीच बांधीत पळाली. पाय चेंडूखाली घातला आणि तिथेच थांबवला. आजवर ती चेंडूमागे पाय थेट कमरेपर्यंत फेकत आली होती. चेंडू डोक्याएवढा उठला आणि दोन बांबूंच्या मध्ये टपकन पडला.

मग तिला चिपचं वेडच लागलं. जवळून, लांबून, तिरकं, चेंडू मिळाला की ती उचलूनच टाकायची. पोरं टाळ्या वाजवायची. पण महिन्याभरात गोल बंद झाले. सरावातली गोलकीपर आता पुढे यायचीच नाही. ती दोन बांबूंच्या मध्ये उभी राहायची आणि वरून येणारा चेंडू दोन्ही हातांत अलगद झेलायची.

त्या दिवशी सरांनी सगळ्यांना बांधावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. २० जून १९७६. बेलग्रेडमध्ये युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना, चेकोस्लोव्हाकिया विरुद्ध पश्चिम जर्मनी. २-२ अशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टींवर आला. शेवटची पेनल्टी अंतोनिन पानेंकाची होती. तो जोरात धावत आला. आता फटका येणार म्हणून गोलरक्षक सेप मायरनं एका बाजूला झेप घेतली, आणि पानेंकानं चेंडू मधोमध अलगद सोडला. त्याआधी त्यानं आपल्या क्लबच्या गोलरक्षकासमोर बिअर आणि चॉकलेटच्या पैजा लावून दोन वर्षं हाच सराव केला होता.

“मायरनं झेप काहून घेतली?” सरांनी विचारलं.

“जोराचा फटका येईल असं वाटलं म्हणून,” तोफ म्हणाली, आणि बोलता बोलताच थांबली.

संध्याकाळी घरी आली तर आई धानाच्या ढिगाजवळ नुसती बसलेली. भरलेलं सूप बाजूला ठेवलेलं.

“उफणत नाही?”

“वारा कोठी आहे? वारा नसला का सूप हालवून काय होते? आधी वारा पायचा, मंग सूप उचलाचं.”

पुढच्या वर्षी पुन्हा तोच सामना, समोर तीच गोलकीपर. पहिल्या अर्ध्या तासात तोफेनं लांबून दोन फटके हाणले. दोन्ही अडले, पण दुसऱ्यानंतर गोलकीपर बराच वेळ तळहात चोळत होती. मग तोफ एकटी गोलासमोर पोचली. तिनं मान वर केली. फटका सुटायच्या आत तो दाबायला गोलकीपर धावत निघाली होती. वारा सुटला होता. तोफेनं पाय मागे घेतला, चेंडूखाली घातला आणि थांबवला. पसरलेल्या हातांवरून चेंडू गेला, एक टप्पा पडला आणि जाळीत विसावला.

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ‘पाय’ म्हणजे पाऊल आणि ‘पाय’ म्हणजे पाहा. दोन्ही अर्थ मिळूनच त्या मुलीचं शिक्षण पुरं झालं. अंगात जोर आहे हे समोरच्याला ठाऊक असतं, तेव्हाच आपल्या हळुवारपणाला मोल येतं. आणि जोर कधी लावायचा, हात कधी आवरायचा, हे आपल्या हौसेवरून ठरत नाही. मान वर करून समोर पाहिल्यावरच कळतं. म्हणून आधी पाय, मग पाय.