पितळेची कसोटी

असत्याचा सापळा रचून दुसऱ्याच्या सत्याची परीक्षा घेणे न्याय्य आहे काय? अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या इतिहासातील एका प्रसंगाने हा प्रश्न माझ्या मनात कायमचा घर करून बसला आहे.

या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने, भूमीतून निघालेल्या सुवर्णपत्रांचे ईश्वरी साहाय्याने भाषांतर करून १८३० साली आपला धर्मग्रंथ प्रसिद्ध केला होता. एप्रिल १८४३ मध्ये इलिनॉय राज्यातील किंडरहूक गावाजवळच्या प्राचीन टेकाडात घंटेच्या आकाराचे सहा पितळी पत्रे सापडले. त्यांवरील लिपी कोणासच उमगेना. तेव्हा ते स्मिथपुढे जावेत हे ओघानेच आले. त्याचा लेखनिक विल्यम क्लेटन याने १ मे रोजी दैनंदिनीत नोंदविले की, स्मिथने त्यांच्या काही भागाचे भाषांतर केले असून त्यात फॅरोच्या वंशातील एका पुरुषाचा वृत्तान्त आहे.

वस्तुतः ते पत्रे गावच्या लोहाराने कापून दिले होते. विल्बर फ्यूगेट आणि रॉबर्ट वायली या दोघांनी मेण व आम्ल यांच्या साहाय्याने त्यांवर खुणा उमटविल्या होत्या. फ्यूगेटने याची कबुली दिली ती १८७९ साली. स्मिथचा वध १८४४ मध्येच झाला होता! ज्याची परीक्षा घ्यावयाची, तो गेल्यावर पस्तीस वर्षांनी निकाल सांगणाऱ्यास परीक्षक म्हणावे, की नुसता लबाड?

परंतु दोष एकट्या त्याचाच नव्हे. स्मिथच्या पश्चात पंथाचा इतिहास रचणाऱ्यांनी क्लेटनचे वाक्य प्रथमपुरुषी करून स्मिथच्याच मुखी घातले. तत्कालीन रीत तशीच होती, हे खरे. तथापि त्यामुळे लेखनिकाची नोंद ही प्रेषिताची वाणी ठरली, आणि श्रद्धाळूंना शतकभर पितळेची वकिली करावी लागली. १९८० साली उरलेल्या एकमेव पत्र्याची शास्त्रीय तपासणी होऊन तो एकोणिसाव्या शतकातला ठरला, तेव्हा पुढील वर्षी पंथाच्याच मासिकाने ते मान्य केले. मान्य करण्यास धैर्य लागले असेल. पण त्यासरशी 'स्मिथ सापळ्यात सापडलाच नाही' असेही प्रतिपादन झाले, ते मला पटत नाही. पूर्ण भाषांतर कधीच प्रसिद्ध झाले नाही, ही गोष्ट खरी. मग त्या 'काही भागा'चे काय? अलीकडे एका अभ्यासकाने दाखविले आहे की, स्मिथने पत्र्यावरील एक खूण आपल्या जुन्या ईजिप्शियन शब्दसंग्रहाशी ताडून पाहिली असावी. तसे असेल तर तो साक्षात्कार नव्हे, जिज्ञासू माणसाची साधी चूक होती. आणि चुकण्याची मुभा प्रेषितास द्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

पाच पत्रे केव्हाच गहाळ झाले. सहावा शिकागोच्या इतिहास-संग्रहालयाच्या संग्रही आहे.