आजच्या काळात संदेष्टे असतात का?



“प्रभूने मला तुमच्याविषयी काही दाखवले आहे.” असे बोल अलीकडे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानांवर पडले असतील. कधी घरगुती प्रार्थनासभेत, कधी टीव्हीवर, तर कधी मोबाइलवर आलेल्या संदेशात. कुणाला परदेशातील नोकरीचे वचन मिळते, कुणाच्या घरावर पूर्वजांचा शाप असल्याचे सांगितले जाते, कुणाला जगाच्या अंताची तारीखही कळवली जाते. ऐकणारा बिचारा गोंधळून जातो. विश्वास ठेवावा तर फसण्याची भीती, न ठेवावा तर देवाचा शब्द नाकारल्याची टोचणी!

आमच्या परिचयाच्या एका मावशींना मधुमेह आहे. बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितले, “तुम्ही बऱ्या झाला आहात. आता इन्सुलिन घ्याल तर तो अविश्वास ठरेल.” मावशींनी इंजेक्शन बंद केले. चार दिवसांनी त्यांना बेशुद्धावस्थेत इस्पितळात न्यावे लागले. देवाच्या कृपेने त्या वाचल्या. ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. पण मावशी आजही म्हणतात, “माझाच विश्वास कमी पडला.” शरीर सावरले, मनातली जखम मात्र अजून ओली आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून केला पाहिजे.

पवित्र शास्त्र काय सांगते? पहिली गोष्ट ही की देव माणसांच्या मुखाने बोलतो हे आपण नाकारू शकत नाही. पेन्टेकॉस्टनंतरही ख्रिस्तसभेत संदेष्टे होते. अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठ्या दुष्काळाची सूचना दिली (प्रेषितांची कृत्ये ११:२७–३०). ती ऐकून अंत्युखियातील ख्रिस्ती लोक घाबरून घरात बसले नाहीत. त्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि यहूदियातील भावंडांना मदत पाठवली. फिलिपच्या चार मुलीही संदेश देत असत (२१:९). संत पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की संदेशांना तुच्छ लेखू नका, पण लगेच पुढे बजावतो की सर्व गोष्टी पारखून घ्या आणि चांगले तेवढे धरून ठेवा (१ थेस्सलनीका ५:१९–२१). या दोन्ही आज्ञा एकत्र पाळायच्या आहेत. सरसकट हसण्यावारी नेणे चूक आणि डोळे मिटून मान डोलावणे हीही चूकच.

दुसरी गोष्ट. येशू ख्रिस्त हा देवाचा शेवटचा आणि पूर्ण शब्द आहे (इब्री १:१–२). त्याच्यात देवाने आपल्याला सर्व काही देऊन टाकले आहे. म्हणूनच १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद ६६ व ६७) म्हटले आहे की आता नवे सार्वजनिक प्रकटीकरण होणार नाही. पुढे काही व्यक्तींना खाजगी प्रकटीकरणे झाली आणि त्यांतील काहींना ख्रिस्तसभेने मान्यताही दिली. पण ती श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाहीत. ख्रिस्ताच्या शिकवणुकीत भर घालणे हे त्यांचे काम नाही. तीच शिकवण एखाद्या काळात अधिक मनापासून जगायला मदत करणे, एवढेच त्यांचे काम. लुर्ड्स किंवा फातिमा यांवर आपली भक्ती असेल तर ती सुंदर गोष्ट आहे. पण त्यांवर विश्वास ठेवणे कॅथॉलिक माणसावर बंधनकारक नाही. मग रस्त्यावरून आलेल्या अनोळखी माणसाचा शब्द बंधनकारक कसा होईल?

पारख कशी करावी? पहिली कसोटी मोशेच्या काळापासूनची आहे. सांगितलेली गोष्ट घडली नाही तर ती देवाकडून आलेली नव्हती (अनुवाद १८:२२). अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी प्रभू येणार म्हणून वाट पाहिली. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली. दोन्ही दिवस आले आणि गेले. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कुणालाही ठाऊक नाही, हे प्रभूने सांगितले असताना (मत्तय २४:३६) तारखा देणाऱ्यांच्या मागे आपण का धावावे? पण गोष्ट खरी ठरली म्हणून संदेष्टा खरा, असेही नाही. चिन्ह खरे ठरले तरी तो माणूस तुम्हांला देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नका, असे शास्त्र बजावते (अनुवाद १३:१–३).

दुसरी कसोटी फळांची (मत्तय ७:१५–२०). संदेश ऐकून शांती, पश्चात्ताप आणि शेजाऱ्यावरचे प्रेम वाढते, की भीती, संशय व भाऊबंदकी वाढते? “तुमच्या जावेने करणी केली आहे” असे सांगून दोन घरे तोडणारा पवित्र आत्म्याने बोलतो असे कसे मानावे? आपण इतर ठिकाणच्या बुवाबाजीला नावे ठेवतो. तीच बुवाबाजी हातात बायबल घेऊन आली तर ती पवित्र होत नाही.

तिसरी कसोटी पैशाची. ‘डिडाखे’ हे ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या काळातील पुस्तक. त्यातला नियम सरळ आहे: आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, मात्र तो गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये. लुर्ड्सची बर्नडेट गरीब घरची मुलगी होती, पण लोकांनी देऊ केलेले पैसे तिने घेतले नाहीत.

चौथी कसोटी आज्ञाधारकपणाची. खरा संदेष्टा ख्रिस्तसभेच्या पारखीला घाबरत नाही. १८५८ मध्ये बर्नडेटला दर्शने झाली. तेथील बिशपांनी चौकशी करून १८६२ मध्ये निर्णय दिला. फातिमाची दर्शने १९१७ मधील, मान्यता १९३० मधील. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांच्या पारखीसाठी नवे नियम प्रसिद्ध केले. आता बिशप व्हॅटिकनच्या संमतीने निर्णय देतात आणि अनुकूल निर्णयातही सहसा ‘हे दैवी आहे’ असे जाहीर न करता ‘भक्तीला हरकत नाही’ एवढेच सांगितले जाते. ख्रिस्तसभा इतक्या सावधपणे पावले टाकते, तर आपण एका रात्रीत निर्णय का घ्यावा?

आणि औषधांविषयी? सिराखच्या ग्रंथात (अध्याय ३८) वैद्याचा मान राखायला सांगितले आहे. औषधे देवानेच निर्माण केली आहेत. तीमथ्याची प्रकृती नाजूक होती, तेव्हा संत पौलाने त्याला ‘तुझा विश्वास कमी’ असे म्हटले नाही, तर उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). जिच्यामुळे लुर्ड्सचा झरा जगाला कळला ती बर्नडेट स्वतः मात्र आजारी राहिली आणि १८७९ साली वयाच्या ३५ व्या वर्षी वारली. तिचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? आमच्या मावशींना आम्ही हेच सांगतो. प्रार्थना करा आणि औषधही घ्या. दोन्ही एकाच पित्याची देणगी आहे.

पण इथेच थांबलो तर आपली सुटका फार स्वस्तात होईल. यिर्मयाच्या २८ व्या अध्यायातील हनन्याची गोष्ट आठवावी. त्याने लोकांना सांगितले की दोन वर्षांत सारे संकट टळेल. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाने मात्र अनेक वर्षांच्या बंदिवासाचा कटू निरोप दिला आणि त्याच्या वाट्याला मार व तुरुंग आला. देवाचा खरा निरोप बहुधा आपल्याला न आवडणारा असतो. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या रविवारी सैनिकांना निरपराधांची हत्या थांबवायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. त्यांनी कुणाचे भविष्य सांगितले नव्हते. देवाच्या नजरेने वर्तमान पाहिला होता. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २५ जुलै २०२४) पाण्यासाठी, जमिनीसाठी, झाडांसाठी बोलले. तेव्हा तेही सगळ्यांना सोयीचे वाटले नव्हते.

म्हणून आपण स्वतःला विचारू या. नोकरी आणि व्हिसाचे भाकीत करणाऱ्याच्या सभेला आपण दोन तास आधी जाऊन बसतो. पण लग्नातील उधळपट्टी, दारू, भावाची बळकावलेली जमीन, घरातील मोलकरणीची तुटपुंजी मजुरी यांवर कुणी बोट ठेवले तर त्याचे ऐकतो का? आणखी एक. मावशींच्या घरी तो गृहस्थ येण्यापूर्वी आपल्यापैकी किती जण त्यांची विचारपूस करायला गेले होते? आम्हीही गेलो नव्हतो. दुःखात कुणी शेजारी बसले नाही की माणूस पहिल्या गोड शब्दाला शरण जातो. या दोषाचा वाटा आपल्यालाही उचलावा लागेल.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या मस्तकावर ख्रिस्माचे तेल लावले गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही पदांत आपण सहभागी झालो. मग आजच्या काळात संदेष्टे असतात का? असतात, आणि आपणही त्यांत मोडतो. संत पौलाच्या मते संदेश देणारा उभारणी, उत्तेजन व सांत्वन यांसाठी बोलतो (१ करिंथ १४:३). या आठवड्यात आपल्या वाडीतील एका आजारी माणसाकडे जाऊ या. त्याचे भविष्य सांगायला नको. त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकू या. पवित्र आत्मा आपल्याला पारखण्याची बुद्धी आणि ऐकण्याचे धैर्य देवो.